पानाच्या आतला शेजार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवत राहिले. आंबा घाट, राधानगरी, दाजीपूर इथली झाडे आमच्या पिढीने त्यांच्यामुळे ओळखली. मी पुढे सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळलो, पण त्यांच्याकडचे जाणे-येणे कायम राहिले. म्हणून आज बोलायला मी असा विषय घेतला आहे, ज्यात झाड आणि सूक्ष्मजीव या दोघांनाही सोडता येत नाही : औषधी वनस्पतींच्या आत राहणारे सूक्ष्मजीव, आणि त्यांच्यापासून मिळणारी जिवाणूनाशक द्रव्ये.

या विषयाची निकड किती आहे ते आधी सांगतो. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले जवळपास ३ लाख मृत्यू भारतातले होते. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूंबद्दल विचारा, म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. ऑपरेशन उत्तम होते, टाके सुकायला लागतात, आणि मग नळीतून शिरलेला जिवाणू एकामागून एक औषध निकामी करतो.

प्रतिजैविके शोधायची आपली जुनी वाट मातीतून जाते. १९४३ साली न्यू जर्सीत मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि क्षयरोगावर पहिले खरे औषध हाती आले. आपल्या पिंपरीलाही ही परंपरा आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध काढले. त्या जिवाणूला त्यांनी नाव दिले स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. पिंपरी-चिंचवडच्या किती रहिवाशांना हे माहीत असेल? माहीत असायला हवे. पण माती धुंडाळता धुंडाळता पुढे तेच ते रेणू पुन्हा पुन्हा हाती येऊ लागले. तेव्हा संशोधकांनी सूक्ष्मजीवांच्या न चाळलेल्या वस्त्या शोधायला सुरुवात केली. त्यांतली एक वस्ती आपल्या परसात आहे.

तुळस, अडुळसा, कडुनिंब, गुळवेल, यांपैकी कशाचेही निरोगी, हिरवेगार पान घ्या. त्याच्या पेशींच्या मधल्या जागेत बुरशीचे धागे असतात, जिवाणू असतात. पानाला कसला रोग नसतो, डाग नसतो. असे सूक्ष्मजीव असतात हे जर्मन शास्त्रज्ञ अँटोन दि बारी यांनी १८६६ सालीच नोंदवले आणि त्यांना एंडोफाइट हे नाव दिले. ही सोबत फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या राइनी इथे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जे दगडी अवशेष सापडले, त्यांच्या ऊतींमध्येही बुरशीचे धागे दिसतात. झाडे जमिनीवर आली तेव्हापासून ती एकटी राहिलेली नाहीत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे तपशील कशासाठी आहेत ते लक्षात येईल. ही जिवाणूनाशक द्रव्ये सहवासातून येतात. झाड, त्याच्या आतली बुरशी, तिच्या शेजारचे जिवाणू यांच्यात जे काही चालते, त्यातून ती तयार होतात. आपण त्या जिवाला झाडातून काढतो, काचेच्या बशीत एकटे ठेवतो, आणि तो गप्प झाला की नवल करतो. गेली तीस-पस्तीस वर्षे या क्षेत्राचे घोडे इथेच अडले आहे, असे मला वाटते.

हे जीव पानात येतात कसे? पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर एलिझाबेथ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकोच्या झाडांवर काम केले, त्यातून हे फार चांगले उलगडले. कोवळे पान जवळजवळ रिकामे असते. मग वाऱ्या-पावसाबरोबर बीजाणू येऊन पडतात, रुजतात, आत शिरतात आणि काही आठवड्यांत पान भरून जाते. अशी भरलेली पाने आणि मुद्दाम रिकामी ठेवलेली पाने यांच्यावर फायटोफ्थोरा हा रोगकारक सोडला, तेव्हा रिकाम्या पानांचे नुकसान जास्त झाले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आतला शेजार झाडाच्या कामाला येतो.

गवतांची तऱ्हा वेगळी. तिथे बुरशी बियाण्यातूनच पुढच्या पिढीत जाते. अमेरिकेत टॉल फेस्क्यू नावाचे गवत खाऊन गुरे आजारी पडत. खूर आणि शेपटीचे टोक झडून जाई, दूध आटे. गवत विषारी आहे असा समज होता. १९७७ साली जॉर्जियातल्या चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी त्या गवताच्या आत राहणाऱ्या बुरशीकडे बोट दाखवले, आणि पुढे ते विष त्या बुरशीचेच असल्याचे सिद्ध झाले. मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते, कारण जे विषाला लागू आहे ते औषधाला का लागू नसावे? शतकानुशतके आपण ज्या गुणाचे श्रेय झाडाला दिले, त्यातला काही वाटा आतल्या रहिवाशाचा असू शकतो.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील गॅरी स्ट्रोबेल यांनी. झाडे निवडण्याचे त्यांचे निकष साधे होते. लोक ज्या झाडाचा औषधासाठी उपयोग करतात ते घ्यावे, विचित्र किंवा खडतर जागी उगवणारे घ्यावे, आणि एखाद्याच प्रदेशात सापडणारे घ्यावे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत स्नेकव्हाइन म्हणून एक वेल आहे, केनेडिया निग्रिकान्स. तिथले आदिवासी ती ठेचून जखमांवर बांधतात. त्या वेलीच्या आत स्ट्रोबेल आणि उव्हिदेलिओ कास्तिओ यांच्या गटाला एक स्ट्रेप्टोमायसेस सापडला. त्याच्यापासून मिळालेल्या चार द्रव्यांना मुनुम्बिसिन ए, बी, सी, डी अशी नावे दिली गेली. २००२ च्या त्यांच्या निबंधात ही द्रव्ये अँथ्रॅक्सच्या जिवाणूवर आणि अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या जिवाणूवर चालल्याची नोंद आहे. मुनुम्बिसिन डी तर मलेरियाच्या परजीवीवर मिलिलिटरमागे अवघ्या साडेचार नॅनोग्रॅमला परिणाम दाखवत होते. जखमेवर वेल बांधणाऱ्यांना वेलीच्या आतला जिवाणू दिसत नव्हता, पण त्यांचे निरीक्षण अचूक होते. ते निरीक्षण नसते तर संशोधक त्या वेलीपाशी थांबलेच नसते.

आता प्रयोगशाळेत हे काम कसे चालते ते जवळून पाहू. विद्यार्थी मंडळी इथे बरीच आहेत, आणि चुकांची सुरुवात नेमकी इथेच होते. समजा, अडुळशाचे पान आणले. आधी ते वाहत्या पाण्यात धुवायचे. मग मिनिटभर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, काही मिनिटे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, पुन्हा थोडा वेळ अल्कोहोलमध्ये बुडवायचे, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा खळबळायचे. हेतू असा की पानाच्या पृष्ठभागावरचे सगळे मरावे आणि आतले मात्र जगावे. वेळ कमी दिला तर धुळीतली बुरशी आतली म्हणून खपते. जास्त दिला तर आतलेही मरते. म्हणून शेवटच्या धुण्याचे पाणी वेगळ्या बशीत ओतून ठेवायचे आणि धुतलेले पान दुसऱ्या बशीतल्या माध्यमावर अलगद टेकवून उचलायचे. या दोन बशांत काहीही उगवता कामा नये. या दोन बशा ठेवल्या नसतील तर पुढचे सगळे काम फुकट जाते, आणि असे कितीतरी काम छापून आलेले आहे.

मग पानाच्या कडा कापून टाकायच्या, मधल्या भागाचे नखाएवढे तुकडे करायचे आणि बटाटा-डेक्स्ट्रोजच्या अगारवर ठेवायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापलेल्या कडेतून पांढरा धागा डोकावतो. पानाच्या सपाट बाजूवर काही उगवले तर शंका घ्यावी. कापलेल्या कडेतून आले तर ते आतून आले. घाई करणाऱ्याला फक्त जोमाने वाढणाऱ्या बुरश्या मिळतात. हळू वाढणाऱ्या बुरश्या तीन-चार आठवड्यांनी दिसतात, तोवर जोमदार बुरशीने बशी व्यापलेली असते. म्हणून रोज बशी उजेडात धरून पाहावी लागते आणि नवा धागा दिसला की लगेच उचलून वेगळा करावा लागतो. सुट्टीच्या दिवशीही.

पुढे ती बुरशी द्रव माध्यमात दोन-तीन आठवडे वाढवतात, गाळतात आणि गाळलेला द्रव इथाइल ॲसिटेटबरोबर हलवतात. द्रावक उडवून लावला की फ्लास्कच्या तळाशी तपकिरी, चिकट थर उरतो. तो कागदाच्या छोट्या चकतीवर घेऊन स्टॅफिलोकॉकसने माखलेल्या बशीत ठेवला की दुसऱ्या दिवशी, नशीब असेल तर, चकतीभोवती स्वच्छ वलय दिसते. तिथे जिवाणू वाढलेला नसतो. ते वलय पहिल्यांदा पाहणाऱ्या मुला-मुलींचे चेहरे मी पाहिले आहेत. त्या आनंदाचे मोल मी कमी करणार नाही.

पण आपले कितीतरी प्रबंध त्या वलयापाशी येऊन थांबतात, आणि याची मला मनापासून खंत आहे. वलयाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्ता करायचा, 'लक्षणीय जिवाणूनाशक क्षमता आढळली' असे लिहायचे आणि पदवी घ्यायची. वलय किती मोठे दिसते हे द्रव्याच्या ताकदीवर जेवढे ठरते तेवढेच ते अगारमध्ये किती झरझर पसरते यावरही ठरते. चकतीवर मिलिग्रॅमच्या हिशेबाने कच्चा अर्क ओतला तर बऱ्याच गोष्टी जिवाणू मारतील. औषध व्हायच्या लायकीचे द्रव्य मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅमला काम करायला हवे, आणि ते माणसाच्या पेशीला सोडून जिवाणूलाच लागायला हवे. या दोन्ही परीक्षा वलयात दिसत नाहीत.

दुसरी परीक्षा किती कठीण असते याचे उदाहरण कोस्टारिकातले आहे. तिथल्या ग्वानाकास्ते भागातल्या डॅफ्नॉप्सिस अमेरिकाना या झाडाच्या फांदीतली एक बुरशी जॉन क्लार्डी यांच्या गटाने अभ्यासली आणि २००० साली ग्वानाकास्तेपीन हे द्रव्य जाहीर केले. त्याचा कार्बनचा सांगाडा त्याआधी कुणी पाहिलेला नव्हता. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस आणि व्हँकोमायसिनला दाद न देणारा एंटेरोकॉकस, दोन्ही त्याने मरत होते. जगभरचे रसायनशास्त्रज्ञ तो रेणू बनवण्याच्या मागे लागले. पण तो जिवाणूचे पटल फोडतो तसे माणसाच्या तांबड्या पेशींचेही फोडतो. औषध म्हणून त्याची वाट तिथेच बंद झाली.

आपल्या देशातले एक काम मी मुद्दाम सांगणार आहे, कारण ते वलयाच्या पुढे गेले. काशी हिंदू विद्यापीठातले रवींद्रनाथ खरवार आणि सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या मुळातून क्लोरिडियम नावाची बुरशी वेगळी केली. तिच्यापासून मिळालेला लाल रंगाचा नॅफ्थोक्विनोन गटातला पदार्थ शुद्ध केला, त्याची रचना ठरवली. तो निघाला जावानिसिन. हा रेणू आधी माहीत होता, पण निंबाच्या आतल्या बुरशीपासून तो मिळतो आणि सुडोमोनास या जिवाणूवर जोरकस चालतो हे २००९ साली पुढे आले. सुडोमोनास हे नाव महत्त्वाचे आहे. झाडांतल्या सूक्ष्मजीवांपासून मिळणारी बहुतेक द्रव्ये स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंवर चालतात. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, सुडोमोनास यांना बाहेरून आणखी एक पटल असते. बहुतेक रेणू त्यातून आत जातच नाहीत, आणि गेले तर पंपासारखी प्रथिने त्यांना परत बाहेर फेकतात. आज रुग्णालयांना औषध हवे आहे ते याच गटावर. त्यामुळे कडुनिंबाच्या मुळातून आलेल्या त्या निष्कर्षाचे वजन जास्त आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, सहवासाकडे वळतो. यासाठी जिवाणू सोडून थोडे कॅन्सरच्या औषधांकडे जावे लागेल, कारण धडा तिथेच शिकायला मिळाला.

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करत होते. या दोघांनी दोन रेणू जगाला दिले. १९६६ साली चीनमधल्या कॅम्प्टोथेका या झाडापासून कॅम्प्टोथेसिन, आणि १९७१ साली पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. दोन्हींनी कॅन्सरवरच्या उपचारांचे चित्र बदलले. खानदेशातून गेलेल्या या माणसाचे नाव आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवे, असे मला फार वाटते. पण साल काढली की झाड मरते. म्हणून १९९३ साली जेव्हा आंद्रेआ आणि डोनाल्ड स्टिअर्ले यांनी स्ट्रोबेल यांच्याबरोबर 'सायन्स'मध्ये जाहीर केले की त्या यू झाडाच्या आतली टॅक्सोमायसेस आंद्रेआनी ही बुरशी स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते, तेव्हा केवढी आशा निर्माण झाली! झाड न तोडता टाकीत औषध तयार करता येईल, असे वाटले. प्रत्यक्षात मिळत होते लिटरमागे काही नॅनोग्रॅम. पुढे वीस वर्षांनी, २०१३ साली, जर्मनीतल्या संशोधकांनी त्याच बुरशीचा जनुकसंच तपासला. टॅक्सॉल बनवायला लागणारी जनुके त्यांना तिच्यात सापडली नाहीत. वाद अजून मिटलेला नाही, पण टाकीतल्या बुरशीपासून टॅक्सॉल आजही काढले जात नाही.

कॅम्प्टोथेसिनची गोष्ट आपल्या घाटातली आहे. नरक्या, ज्याला व्यापारी अमृता म्हणतात, तो महाबळेश्वरपासून तिलारीपर्यंत सह्याद्रीत वाढतो. कॅम्प्टोथेका आपल्याकडे नाही, पण नरक्याच्या मुळात आणि सालीत तेच कॅम्प्टोथेसिन भरपूर असते, हे भारतीय संशोधकांनी १९७२ साली दाखवले. त्यानंतर या झाडाची जी तोड झाली ती इथल्या कित्येकांनी पाहिली आहे. पोती भरभरून लाकूड घाटाखाली गेले. आजही नरक्याची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या येतात. २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आतल्या सालीतून एक बुरशी काढली आणि ती कॅम्प्टोथेसिन बनवते असे दाखवले.

पण जर्मनीत डॉर्टमुंडमध्ये सौविक कुसारी आणि मिखाएल श्पिटेलर यांनी कॅम्प्टोथेकाच्या झाडातली फ्युसारियम सोलानी ही बुरशी घेऊन पुढचा प्रश्न विचारला : झाडाबाहेर ती हे काम किती काळ करते? एका बशीतून दुसऱ्या बशीत, असे पिढ्यांमागून पिढ्या तिला वाढवले तेव्हा सातव्या पिढीपर्यंत कॅम्प्टोथेसिन अगदी घटले. जनुके तपासली तेव्हा दिसले की रेणू बनवण्याच्या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा, स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज हे विकर, बुरशीकडे नाहीच. तो टप्पा ती झाडाच्या विकरावर भागवते. झाड सुटले, साखळी तुटली. त्यांनी बुरशी पुन्हा झाडात सोडून पाहिली, तरी गेलेली क्षमता परतली नाही.

जिवाणूनाशक द्रव्यांच्या बाबतीत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. २००२ साली स्ट्रेप्टोमायसेस सीलिकलर या मातीतल्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्याच्यापासून मोजकीच द्रव्ये माहीत होती, पण द्रव्ये बनवणाऱ्या जनुकांचे गट निघाले वीसहून जास्त. बाकीचे गट बशीत निपचित पडलेले असतात. झाडांतल्या जिवाणूंत आणि बुरश्यांतही तसेच आढळते. आणि का असू नये? द्रव्य बनवायला ऊर्जा खर्ची पडते. शेजारी प्रतिस्पर्धी नसेल, झाडाकडून इशारा येत नसेल, तर जीव ते कशाला बनवेल?

म्हणून आता उलट वाट धरली जात आहे. बुरशीला एकटी न ठेवता दुसऱ्या जिवाणूबरोबर वाढवतात, किंवा माध्यमात ज्या झाडातून ती आली त्याचाच अर्क घालतात. २००१ साली बहामा बेटांजवळच्या एका तपकिरी समुद्री शेवाळावरची बुरशी विल्यम फेनिकल यांच्या गटाने समुद्री जिवाणूबरोबर वाढवली. एकटी असताना ती जे बनवत नव्हती ते पेस्टॅलोन नावाचे जिवाणूनाशक तिने आता बनवले. पुढे प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेस्टॅलोनची ताकद आधी मोजली होती त्यापेक्षा बरीच कमी भरली, हेही सांगायला हवे. तरी मुद्दा उरतोच : शेजारी आला आणि बुरशी कामाला लागली.

औषधी झाड म्हणजे औषधी बुरशी, असा सरळ हिशेबही इथे चालत नाही. चेन्नईचे टी. एस. सूर्यनारायणन यांनी दक्षिणेतल्या जंगलांत वर्षानुवर्षे पाने तपासली. काही बुरश्या अनेक वेगवेगळ्या झाडांत पुन्हा पुन्हा आढळतात. आपल्या आंब्यावर करपा आणणारी कोलेटोट्रिकम ही त्यांतलीच. ती निरोगी पानातही गुपचूप राहते आणि परिस्थिती बदलली की रोग होऊन उठते. तीच बुरशी अडुळशात वेगळे वागेल, कडुनिंबात वेगळे, पावसाळ्यात वेगळे आणि वैशाखात वेगळे. यजमान कोण, जागा कोणती, ऋतू कोणता हे नोंदवल्याशिवाय बुरशीच्या नुसत्या नावाला अर्थ राहत नाही. आयुर्वेदाच्या वैद्यांनी वनस्पती कुठून आणि कधी तोडावी याचे जे नियम सांभाळले, ते या दृष्टीने पुन्हा तपासून पाहावेत अशी माझी सूचना आहे. टिश्यू कल्चरच्या निर्जंतुक बाटलीतून आलेले रोप आणि घाटातले रोप दिसायला सारखे असले तरी आतला शेजार सारखा नसतो. त्याने औषधी गुणात किती फरक पडतो, हा प्रश्न आपल्याकडच्या मोठ्या औषधी-वनस्पती लागवडींवर सोडवता येईल.

या सगळ्या खटाटोपातून आजवर रुग्णाच्या पदरात काय पडले, असे कुणी विचारेल. जिवाणूंवरचे एकही औषध या वाटेने अजून रुग्णालयात पोचलेले नाही. बुरशीवरचे एक पोचले आहे. जुनिपर झाडाच्या पानांतल्या हॉर्मोनेमा या बुरशीपासून एन्फ्युमाफंजिन मिळाल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. मूळ रेणू जसाच्या तसा उपयोगाचा नव्हता. रसायनशास्त्रज्ञांनी त्यात बदल केले, चाचण्या झाल्या, आणि २०२१ साली आयब्रेक्साफंजर्प या नावाने अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. स्त्रियांना होणाऱ्या कँडिडाच्या संसर्गावर ते तोंडाने घ्यायचे औषध आहे. पानापासून गोळीपर्यंत वीस वर्षे लागली, आणि ती सारी वर्षे कुणीतरी पैसे पुरवत होते.

जिवाणूंच्या औषधांत पैशाचे गणित याहून वाईट आहे. नवे प्रतिजैविक आले की डॉक्टर ते जपून, शेवटचा उपाय म्हणून वापरतात, आणि तसेच वापरायला हवे. पण मग खप होत नाही. अमेरिकेतल्या अकेओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. यश मिळवून वर्षाच्या आत दिवाळे निघावे, असे दुसऱ्या कोणत्या धंद्यात होते? सरकारने आधीच ठरावीक रक्कम देऊन औषधाची उपलब्धता विकत घ्यायची, खपाशी तिचा संबंध ठेवायचा नाही, अशी व्यवस्था ब्रिटनने सुरू केली आहे. भारतानेही तिचा विचार करावा. पिंपरीचा कारखाना १९५४ साली सरकारने उभारला तो बाजारावर विसंबून नव्हे.

शेवटचा विषय हक्काचा. स्नेकव्हाइनचे ज्ञान आदिवासींचे होते. केरळात काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, तिच्यापासून 'जीवनी' हे उत्पादन निघाले आणि त्यांच्या न्यासाला उत्पन्नाचा वाटा मिळाला. लाभाच्या वाटणीच्या आपल्या देशातल्या पहिल्या काही प्रयोगांपैकी तो एक. आपला जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. पण नरक्याची साल पोत्यात भरून नेताना निदान दिसते. पानातली बुरशी खिशातल्या नळीतून जाते. उद्या त्या बुरशीपासून औषध निघाले तर ती कोणत्या गावच्या रानातली, हे सिद्ध कसे करणार?

म्हणून महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मी काही ठोस गोष्टी सुचवतो. वेगळ्या केलेल्या प्रत्येक बुरशीबरोबर झाडाचे नाव, झाडाचा वाळवलेला नमुना, गाव, उंची, महिना आणि पानाचे वय लिहा. तिची ओळख सूक्ष्मदर्शकावर न थांबता डीएनएवर पक्की करा. आणि प्रबंध झाला की बशा फेकून देऊ नका. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संग्रह आहे. तिथे नमुना जमा करा आणि मिळालेला क्रमांक निबंधात छापा. आज आपल्याकडे वलये दाखवणारे शेकडो तक्ते आहेत, पण त्या तक्त्यांतल्या बहुतेक बुरश्या आता कुठेच जिवंत नाहीत. ज्यांनी त्या काढल्या त्यांनाही त्या पुन्हा मिळणार नाहीत, कारण त्याच झाडाचे पुढच्या पावसातले पान वेगळ्या बुरशीने भरलेले असेल.

कामाची जागा म्हणून मी कोल्हापूर-साताऱ्याच्या सड्यांकडे बोट दाखवतो. जांभ्या खडकावर बोटभर माती, चार महिने डोक्याइतका पाऊस आणि उरलेले आठ महिने भाजणारे ऊन, अशा जागी उगवणाऱ्या कितीतरी वनस्पती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. स्ट्रोबेल यांचे निकष तिथे एकाच ठिकाणी पूर्ण होतात. या वनस्पतींच्या आतल्या सूक्ष्मजीवांचे काम नुकते कुठे सुरू झाले आहे, आणि त्याच सड्यांवर पवनचक्क्या, खाणी, रिसॉर्ट आणि गाड्यांची रांग आधीच पोचली आहे. आपल्या विद्यापीठांनी येत्या पावसाळ्यापासून एकेक सडा वाटून घ्यावा, स्थानिक समितीला सोबत घ्यावे, आणि नमुन्याच्या प्रत्येक नळीवर त्या गावाचे नाव लिहावे.